तुणतुणे कुठल्या कपाटात ठेवायचे?

वसईजवळ गिरीज येथे एका दिवंगत संगीत-अभ्यासकाचे दप्तर पडून आहे. हे गृहस्थ व्यवसायाने शिक्षक. पण आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी तंतुवाद्यांच्या शोधात घालवली. तीन पत्र्याच्या ट्रंका, एक लाकडी कपाट, एकोणीस वह्या, खिशात मावतील अशा डायऱ्या, कार्डांची खोकी, दोनशेच्या आसपास कॅसेटी, थोडी रिळे, फोटो आणि अकरा वाद्ये असा हा पसारा. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून त्यांचे नाव येथे देत नाही. आम्ही त्यांना 'सर' म्हणतो. मी वसईत मराठी शिकवतो. संगीत मला येत नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि 'दप्तर' हा शब्द आमच्या घरात शाळेच्या पिशवीपुरताच होता. तरी गेली दोन वर्षे बहुतेक रविवारी तीन विद्यार्थ्यांना घेऊन मी या दप्तराची लावालाव करतो आहे. असले काम ग्रंथपालाने करावे, चळवळीतल्या माणसाने त्यात वेळ घालवू नये, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही आहे. ती समजूत आपल्याला महागात पडत आली आहे, म्हणून हे लिहितो.

घाईचे कारण असे. घर जुने, कौलारू. ते उतरवून तेथे इमारत उभी राहायची आहे. सरांच्या पत्नी मला म्हणाल्या, "सर, पावसाच्या आत काय ते ठरवा. भंगारवाला दोनदा येऊन गेला." शहरातल्या एका संस्थेकडे आम्ही यादी पाठवली. तिने सौजन्याने कळवले की वीणा, सतार, तंबोरा आणि सारंगी यांविषयीचे साहित्य स्वीकारता येईल. 'लोकवाद्यांसंबंधीचे किरकोळ कागद' ठेवण्यास जागा नाही. 'किरकोळ' हा शब्द मी पुन:पुन्हा वाचला. एकोणीसपैकी आठ वह्या त्या शब्दात बसत होत्या. त्यांत तुणतुणे होते, चौंडके होते, डक्कलवारांची किंगरी होती, वारल्यांची घांगळी होती. म्हणजे दप्तर घ्यायचे, पण त्यातली गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच ठेवून घ्यायचे.

या वाटणीला निदान शास्त्राचा तरी आधार आहे काय, ते आधी पाहू. आमच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वारली आणि कोकणा भगत घांगळी वाजवतात. एक दांडी, तिच्याखाली दोन भोपळे, वर तारा. तिच्या साथीने भगत कणसरीची, धान्यदेवतेची कथा सांगतो. आता रुद्रवीणा घ्या. एक पोकळ दांडी, तिच्याखाली दोन भोपळे, वर तारा. पडदे, घोडी, तारांची संख्या, वादनाची पद्धत यांत मोठे अंतर आहे आणि ते मला कमी लेखायचे नाही. पण वाद्याची ठेवण पाहून वर्ग पाडणारा माणूस या दोघींना एकाच कुळात घालील. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी आपल्या वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, तारा जाड केल्या, आणि ती कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यात बनली, हे सारे लिहून ठेवलेले सापडते. हे योग्यच झाले. मात्र घांगळी कोणी बनवली, भोपळा कोणाच्या वेलीचा, दांडी कुठल्या रानातली, हे कोणी लिहिले? सरांनी लिहिले होते. त्या 'किरकोळ' वह्यांत.

किंगरीची गोष्ट याहून बोलकी आहे. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. हिशेबाचा अधिकारी, पण त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि आजही शास्त्रीय संगीताचा कोणताही अभ्यास त्या ग्रंथाला वळसा घालून जात नाही. त्यात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. ती लहान-मोठी कशी असते, तिला भोपळे किती, पडदे कशाचे, हे बारकाईने दिलेले आहे. किंगरी हे नाव या किन्नरीवरून आले असे मानतात. देवगिरीहून आमचे बीड जिल्ह्यातले गाव एसटीने एका दिवसाच्या वाटेवर आहे. तिथल्या मांगवाड्यात डक्कलवार यायचा. खांद्यावर किंगरी, तिच्यावर कोरलेला मोर. तो मांगांची कुळी सांगायचा, जांबऋषीचे पुराण सांगायचा, आणि ज्वारी मागायचा. त्याने मागायचे ते फक्त मांगाकडे. गावात त्याला थारा नव्हता. आणि मांगवाड्यानेही त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. पाणी वरून ओतले. जातीच्या उतरंडीला तळ कुठे लागतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने किंगरीवाल्याच्या पालापर्यंत जावे. दरबारी ग्रंथातले नाव सातशे-आठशे वर्षे हातात वागवणारा माणूस हा असा, कुठल्याच वाड्यात न मावणारा. शेजारच्या तेलंगणात दक्कली समाजाचे किन्नेरावादक दर्शनम मोगुलय्या यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडे अनेकांना हे वाद्य अजून वाजते आहे हे प्रथम कळले. सरांच्या एका वहीत मराठवाड्यातल्या किंगऱ्यांची मापे आहेत, काढलेल्या आकृत्या आहेत.

जाता जाता एक. शार्ङ्गदेव किन्नरीच्या पडद्यांसाठी गिधाडाच्या छातीच्या हाडाच्या नळ्या सांगतो. लोखंड वा काशाचाही पर्याय देतो. सतारीच्या घोडीला हाड किंवा शिंग लागते. सारंगीला तात लागते, ती बकऱ्याच्या आतड्याची, शिवाय कातडे. सरोदालाही कातडे. ही आतडी कोणी धुतली, हाडे कोणी गोळा केली, कातडे कोणी कमावले? मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले आणि त्याच कामाबद्दल ज्यांना विटाळ मानले, त्यांच्याच हाताखालून आलेल्या जिनसा मैफिलीत मांडीवर घेतल्या जातात तेव्हा विटाळ कुठे जातो? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले. वाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने या कामाचाही इतिहास लिहायला हवा. पण तंतुवाद्यांवरच्या पुस्तकांत कच्च्या मालाचे प्रकरण बहुधा लाकडापाशी आणि भोपळ्यापाशी थांबते.

तुणतुण्यापुढे तर वर्गीकरणच अडखळते. आपल्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध, घन, म्हणजे तारेची, फुंकायची, कातड्याने मढवलेली आणि ठोस. बंगालच्या सौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला वाद्यसंग्रहालय निघाले. त्याचे प्रमुख माहियाँ यांनी आपली सूची चार वर्गांत बसवली, आणि त्यामागे भारतीय विभागणीची प्रेरणा असल्याचे अभ्यासक मानतात. त्यावरून १९१४ साली हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या दोघांनी जी पद्धत सिद्ध केली ती आज जगभरच्या संग्रहालयांत चालते. तिच्यात तुणतुण्याच्या जातीची वाद्ये तारेच्या वर्गात नाहीत. ती 'छेडायचे ढोल' म्हणून कातड्याच्या वर्गात आहेत, कारण तार कातड्याच्या मधोमध अडकवलेली असते. केंब्रिजच्या लॉरेन्स पिकेन यांनी १९८१ साली याला हरकत घेतली: सूर ठरतो तो तारेच्या ताणावर, तेव्हा ही तंतुवाद्येच होत. वाद अगदीच पंडिती वाटेल. पण कपाटावर त्याचा परिणाम होतो. वर्ग बदलला की कप्पा बदलतो, कप्पा बदलला की ते तंतुवाद्यांच्या दप्तरातून बाहेर पडते, आणि मग 'किरकोळ' होणे सोपे जाते. सरांनी तुणतुणे तंतुवाद्यांतच ठेवले आहे आणि समासात दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. आम्ही त्यांचा कप्पा बदललेला नाही. मराठीत 'तेच तुणतुणे' म्हणजे कंटाळवाणी रड. गोंधळात, पोवाड्यात, आंबेडकरी जलशात रात्रभर एका सुराचा आधार धरून ठेवणाऱ्या वाद्याबद्दल भाषेने जपलेले मत हे एवढेच!

आता कार्डांकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. सतारीच्या कार्डावर सरांनी वादकाचे नाव, गुरू, घराणे आणि वाद्य बनवणाऱ्याचे नाव लिहिले आहे. यात मिरजेचे कारागीर बरेच. तिथे शिकलगार समाजातल्या माणसांनी, हत्यारांना धार लावणे मागे पडल्यावर, एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. 'सतारमेकर' हे तिथे आडनाव झाले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. शास्त्राच्या बाजूनेही नाव टाकण्याची रीत जुनीच. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि त्यावर १९१० साली पुस्तक काढले. त्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते हे सर्वांना ठाऊक आहे. आणि आमच्या तुणतुण्याचे कार्ड? 'वादक: एक महार, वय सुमारे ६०.' चौंडक्याचे: 'जोगतीण.' किंगरीचे: 'भटका.' अशी चौसष्ट कार्डे निघाली.

विद्यार्थी चिडले. एकाने कार्ड फाडायचेच बाकी ठेवले होते. पण सरांच्या डायऱ्या उघडल्यावर प्रकार वेगळा दिसला. कॅसेटच्या पाठीवर फक्त तारीख आहे. त्या तारखेची डायरी काढली तर तिच्यात वादकाचे पूर्ण नाव, गाव, दिलेले पैसे, कोणी गाठ घालून दिली त्याचे नाव, मध्येच एसटीचे तिकीट. माणूस समोर असताना सरांनी नाव विचारले होते, लिहिलेही होते. घरी येऊन स्वच्छ अक्षरात कार्ड करताना ते गळले. ते का गळले यावर मी सरांच्या वतीने बोलणार नाही. विद्येच्या व्यवहारात कुठल्या टप्प्यावर माणसाची जात उरते आणि नाव जाते, ते मात्र या दप्तरात बोट ठेवून दाखवता येते. चौसष्टपैकी एकेचाळीस नावे आम्हाला परत मिळाली.

दप्तर शास्त्रीय पद्धतीने लावणे म्हणजे काय, ते यावरून स्पष्ट व्हावे. पहिला नियम, मूळ क्रम मोडायचा नाही. ट्रंकेतून काही उचलण्यापूर्वी जसे आहे तसा फोटो घ्यायचा. कॅसेटी एका बाजूला, डायऱ्या दुसऱ्या बाजूला, अशी घरगुती नीटनेटकी मांडणी केली असती तर तारखेचा धागा तुटला असता. आणि संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे वीणा-सतारीचे तेवढे उचलले असते तर डायऱ्या मधोमध चिराव्या लागल्या असत्या, कारण एकाच पानावर वर बीनकाराची भेट आणि खाली गोंधळ्याची. दुसरा नियम, अभ्यासकाच्या हातचे काहीही खोडायचे नाही. 'एक महार' हे कार्ड तसेच राहिले. त्याला नवे कार्ड जोडले, त्यावर नाव, नाव कुठे मिळाले तो डायरीचा क्रमांक, आणि नवे कार्ड लिहिणाऱ्याची सही. जुने कार्ड हाही पुरावा आहे. तो आपणच नष्ट करणे शहाणपणाचे नाही.

बाकीचे नियम साधे आहेत, पण वसईच्या हवेत ते पाळणे कठीण. समुद्र जवळ, पाऊस दांडगा, जुलैत वहीचे पान पानाला चिकटते. टाचण्या आणि स्टेपल काढून टाकाव्यात. गंजाचा डाग कागद खातो. क्रमांक शिसपेन्सिलीने टाकावेत. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आत कोंडलेला कागद पुढे सोडवता येत नाही. कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची दातरी मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित होणार नाही. बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात घालू नये, जाणकाराकडे न्यावी. नक्कल करताना यंत्राचे डोके साफ करून, ही फीत कदाचित एकदाच वाजेल असे समजून, चोवीस बिट आणि शहाण्णव किलोहर्ट्झवर न दाबलेली फाईल घ्यावी. एमपी-थ्री फक्त ऐकण्यासाठी. तीन प्रती, त्यांतली एक वसईबाहेर. वाद्यांच्या तारा सैल कराव्यात, पण बदलू नयेत; गंजलेली तार कुठली होती हेही उद्या कुणाला हवे असेल. पॉलिश करू नये. भोपळ्यात कीड आहे का ते दर महिन्याला पाहावे.

कागद भिजणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिल्लीच्या २६, अलीपूर रोडचे घर १९६७ साली रिकामे करताना बाबासाहेबांचे कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. जे वाचले त्यांवर वसंत मून यांनी पुढे आयुष्य खर्च केले. महाराष्ट्र शासनाचे खंड १९७९ पासून निघू लागले. त्यांनी कागद जुळवले, हस्तलिखितांचा क्रम लावला. त्या कामाला कोणी ग्रंथपालाचे काम म्हणून हिणवले नाही.

नाव टाकणे शक्य असते, याचाही दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या: एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका. प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत, आणि त्या कोणाच्या तोंडच्या हे सांगता येते. ज्या पुण्यात हे काम झाले तिथेच १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने संगीताचे अभिलेखागार उघडले. नंतर ते दिल्लीला आणि पुढे गुरगावला गेले. परदेशी गेलेली भारतीय ध्वनिमुद्रणे देशात आणणे हा त्याचा एक हेतू. ते उभारणारे नझीर जयराजभॉय यांनी १९८४ साली आणखी पुढचे केले. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८ साली दक्षिणेत केलेली ध्वनिमुद्रणे घेऊन ते त्याच गावांत परत गेले आणि तिथल्या लोकांना ती ऐकवली. दप्तर परत करणे ही कल्पना अशी करून दाखवलेली आहे.

तरी माझ्या विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला, त्याचे सरळ उत्तर माझ्याकडे नव्हते. ती म्हणाली, "सर, माझ्या आजीने चौंडकं विहिरीत टाकलं. तुम्ही ते काचेत का ठेवता?" तिची आजी यल्लम्माला सोडलेली. चौंडके हे जोगतिणीच्या काखेतले वाद्य. त्याच्या तारेला मुली बांधल्या गेल्या, आणि त्या बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, पोतराज, जोगतिणी यांना हे जिणे सोडा म्हणून स्पष्ट सांगितले. वाद्य टाकून देणे हाही आपल्या चळवळीचा इतिहास आहे. लोककलेच्या नावाने त्याचे कौतुक करणाऱ्यांना हे कळत नाही आणि बऱ्याचदा कळून घ्यायचेही नसते. आम्ही बरीच चर्चा केली. ठरले ते असे: चौंडके दप्तरात राहील, प्रदर्शनात मांडले जाणार नाही. जोगतिणींची नावे डायरीतून काढून वेगळ्या, बंद नोंदवहीत ठेवली. कार्डावर फक्त क्रमांक. त्यांच्या मुली-नाती आज शिक्षिका, परिचारिका आहेत, आणि नाव उघड करायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. तुणतुणेवाल्याचे नाव न लिहिणे अन्याय होता. जोगतिणीचे नाव न विचारता छापणे हाही अन्यायच होईल. एकच नियम दोघांना लावता येत नाही. त्या विद्यार्थिनीनेच चौंडक्याच्या कार्डावर 'सोडून दिलेले वाद्य' असा नवा रकाना घातला आणि आजीने ते का टाकले हे चार ओळींत लिहिले. हे कार्ड माझ्या मते साऱ्या दप्तरातले सर्वांत चांगले आहे.

संस्थेला आम्ही उत्तर पाठवले आहे. दप्तर अखंड घ्यावे. आठ वह्या आणि डायऱ्या वेगळ्या काढू नयेत. ज्यांचा आवाज फितीवर आहे त्यांच्या घरच्यांना नक्कल विनामूल्य मिळावी. आणि नवे कार्ड लिहिण्याचा अधिकार त्यांनाही असावा. मान्य नसेल तर वीणाही देणार नाही, असे सरांच्या पत्नींनी त्या पत्राखाली स्वत:च्या हाताने लिहिले. तोवर पेट्या माझ्या भाड्याच्या खोलीत, फळ्यांवर, जमिनीपासून दीड फूट उंच ठेवल्या आहेत. घांगळीच्या सात कॅसेटींच्या नकला आम्ही गेल्या महिन्यात डोंगरपट्ट्यातल्या त्या पाड्यावर पोचवल्या. भगताच्या नातवाने दोन ऐकल्या आणि सांगितले, की दुसरीतला आवाज आजोबांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा आहे, तोही वाजवायचा. तसे कार्ड त्याने आपल्या अक्षरात लिहून दिले. त्याचा क्रमांक ४२.